समोरच्यांच्या मदतीशिवाय

स्टेपलरची पिन सरळ बसणं हा पुरुषाचा मोठा गुण असतो, हे लग्नाला एकवीस वर्षं होईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये तो माणूस राहायला आला तेव्हा ते कळलं. ही, म्हणजे माझी बायको, त्याच्याकडून आठ-दहा कागद छापून घेऊन आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, बघा पिन कशी मारलीये, किती व्यवस्थित माणूस आहे. मी बघितलं. पिन होती. कोपऱ्यात होती. आता पिन आणखी कुठे मारतात? पण हिला ते सांगून उपयोग नव्हता. तेव्हापासून मी मनातल्या मनात त्याला ‘व्यवस्थित’ म्हणायला लागलो.

आता आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही, मला त्याचा मत्सर वाटायचा. माझ्याच वयाचा माणूस, पण पोट नाही. केस काळेभोर, आणि रंगवलेले असतील तरी कळत नाहीत, म्हणजे तेही काम व्यवस्थितच केलेलं असणार. बायको परगावी नोकरीला. हा घरी बसून कसले कसले नकाशे काढतो, त्यामुळे घरात भला मोठा प्रिंटर. आणि आमची ही कागद घेऊन तिकडे गेली की हसायची. इथे हसत नाही असं नाही, पण ते हसणं वेगळं होतं. खळाळून यायचं, ‘अहो, नाही हो’ म्हणत थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. दोन्ही दारं बंद असली तरी ते आमच्या हॉलमध्ये ऐकू यायचं, फक्त शब्द कळायचे नाहीत. शब्द कळावेत म्हणून एका संध्याकाळी मी चार वेळा कचरा टाकायला बाहेर गेलो. चौथ्या वेळी डब्यात कचराच नव्हता, नुसता डबा घेऊन जिन्यात उभा होतो.

ही गेली अठरा वर्षं घरी शिवणक्लास चालवते. हॉलमध्ये तीन मशिनं, एक लांब टेबल आणि मी, एवढं सामान असतं. पैकी मला हलवणं सोपं, म्हणून क्लास सुरू झाला की मी आतल्या खोलीत जातो. यंदा हिने आपल्या वह्यांवरून एक पुस्तक लिहिलं. स्वतः टाइप केलं, चौसष्ट पानं. क्लास पुरा करून जाणाऱ्या बारा जणींना रविवारी एकेक प्रत द्यायची असं ठरवलं. हे मला कळलं तेव्हा सोमवारचा चहा चालू होता आणि समोर फाइल द्यायचंही ठरून गेलं होतं. ही म्हणाली, ते बाराही प्रती छापून देतो म्हणालेत, मुखपृष्ठसुद्धा करून देतो म्हणालेत.

“आपल्याकडे प्रिंटर आहे,” मी म्हणालो.

हिने वर माळ्याकडे बघितलं. मग तिने विचारलं की तो चालतो का. चालवला तर चालेल, असं मी ठणकावून सांगितलं. मी विमा कंपनीत दाव्यांचे अर्ज तपासतो, ठणकावून बोलायची मला सवय आहे. दावा करणारा माणूस त्यावर कागदपत्रं आणायला जातो आणि पुष्कळदा परतच येत नाही. ही कुठेही गेली नाही.

“शनिवारी दुपारपर्यंत,” ती म्हणाली. “नाहीतर मी फाइल समोर देईन.”

म्हणजे पाच दिवस. मला बारा प्रतींचं काही पडलेलं नव्हतं. हिने ती फाइल घेऊन त्या दारात जायला नको होतं, बस्स.

प्रिंटर माळ्यावर होता, जुन्या चादरीत गुंडाळलेला. शाईच्या कांड्यांवर, म्हणजे कार्ट्रिजवर, चालणारा, अकरा वर्षांचा, मॉडेल नंबर चौदाशे दहा. खाली उतरवताना त्याचं झाकण माझ्या कपाळावर उघडलं, तो अपशकुन मी तेव्हा ओळखायला हवा होता. लॅपटॉपही तेवढाच म्हातारा. तो गोगलगाय झाला होता म्हणून आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याने त्यात लिनक्स घालून दिलं होतं आणि तेव्हापासून तो पळत होता. वायर जोडली. पडद्यावर प्रश्न आला: ड्रायव्हर निवडा.

ड्रायव्हर म्हणजे मधला माणूस. आपलं म्हणणं प्रिंटरला त्याच्या भाषेत समजावून सांगणारा. हे मला कॉम्प्युटरवाल्याने पूर्वी सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. पण मधली माणसं इतकी असतात हे त्याने सांगितलं नव्हतं. यादी खाली खाली जातच होती. त्यात चौदाशे होता, चौदाशे पाच होता, चौदाशे पंधरा, चौदाशे वीस, सगळे होते. चौदाशे दहा नव्हता. अख्ख्या खानदानाला आमंत्रण आणि नेमका आपलाच माणूस वगळलेला.

मी सर्वांत जवळचा म्हणून चौदाशे पंधरा निवडला. प्रिंटरने घसा खाकरला, कागद ओढला, वरच्या कडेला कंस, टिंबं आणि एक त्रिकोण छापला आणि कागद बाहेर टाकला. मग दुसरा कागद घेतला आणि त्यावर दुसरी एक ओळ. तो एकेक ओळीला एकेक कागद घेत होता. मी बटणं दाबली, झाकण उघडलं, त्याला नावं ठेवली. शेवटी वायर उपटली तेव्हा एकतीस कागद जमिनीवर होते. नंतर चौदाशे पाच लावला. त्याने अक्षरं बरोबर छापली, पण अख्खं पान वरच्या एका इंचात कोंबून बसवलं. क्लासच्या मुली आल्या होत्या. त्यातल्या एकीने ते पान उचलून हिला विचारलं की ही नवीन चुण्यांची डिझाइन आहे का.

मंगळवारी मी इंटरनेटवर मदत मागितली. लिनक्सवाल्यांची एक मंडळी आहे, तिथे प्रश्न विचारला की लोक उत्तरं देतात असं ऐकलं होतं. प्रश्न विचारण्याआधी सतरा नियम वाचायचे होते. मी वाचले, मला अर्ज आवडतात. प्रश्न टाकला. नियंत्रकाने कळवलं की प्रश्न चुकीच्या विभागात आहे. विभाग बदलला. मग कळवलं की सोबत अमुक आज्ञेचा निकाल जोडलेला नाही. जोडला. मग कळवलं की हाच प्रश्न नऊ वर्षांपूर्वी विचारला गेला आहे, सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे. आयुष्यभर मी लोकांशी हेच केलं, पण ते करून घेताना किती लागतं ते त्या दिवशी कळलं.

नऊ वर्षांपूर्वीचा प्रश्न उघडला. कुणी एक माणूस, अगदी माझाच प्रिंटर, माझीच रड. खाली सहा जणांनी सहा ड्रायव्हर सुचवलेले. आणि शेवटी त्या माणसाने लिहिलेलं: ‘जमलं. धन्यवाद.’ बस्स. कसं जमलं, कुठला लावला, एक अक्षर नाही. मला त्या अनोळखी माणसाचाही मत्सर वाटायला लागला. नऊ वर्षं तो कुठेतरी बसून धडाधड पानं छापत असेल आणि त्याची बायको शेजारी जात नसेल.

बुधवारी आमचं इंटरनेट बंद पडलं. दुरुस्तीवाला सोमवारी येणार होता. मी डोक्याला हात लावून बसलो, तर ही समोर जाऊन व्यवस्थितकडून त्याच्या वायफायचा पासवर्ड घेऊन आली. चौकोनी कापलेल्या कार्डावर, छापील, मोठ्या अक्षरांत. वर प्लॅस्टिकसुद्धा चढवलेलं होतं. पासवर्डला प्लॅस्टिक चढवणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. नाइलाज होता, म्हणून मी तो दात-ओठ खात टाइप केला.

गुरुवारी मी रजा टाकली. सकाळी लॅपटॉप उघडला तर प्रिंटरांच्या यादीत एकाऐवजी दोन नावं. एक तुटक, नुसती कंपनी आणि चौदाशे दहा. दुसरं लांबलचक, तीच कंपनी आणि पुढे आठ-दहा अक्षरं आणि आकडे. आता आमच्या खात्यात अशी भानगड रोज येते. एका कागदावर घरगुती नाव, दुसऱ्यावर पूर्ण नाव. माणूस एकच. नियम असा की पूर्ण नाव ग्राह्य धरायचं. मी पूर्ण नाव निवडलं. आणि काय सांगू, त्याने ड्रायव्हर मागितलाच नाही. ‘तयार’ असं हिरव्या अक्षरांत आलं. मी खुर्चीतून उठून आतल्या खोलीत एक फेरी मारली.

पुस्तकाचं पहिलं पान पाठवलं. ‘छपाई पूर्ण’ असं आलं. प्रिंटरकडे बघितलं, तो गप्प. पुन्हा पाठवलं. ‘छपाई पूर्ण’. प्रिंटर जागचा हलला नाही. दुपारपर्यंत मी तेवीस वेळा पहिलं पान पाठवलं आणि तेवीसही वेळा ते पूर्ण झालं. याचा अर्थ उघड होता. ड्रायव्हर सापडला होता, आता दोष प्रिंटरच्या पोटात होता.

पोटाचा विषय निघाला की इमारतीत सगळेच डॉक्टर. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, शाई सुकली असेल, कोमट पाण्यात बुडवा. वरचे निवृत्त काका म्हणाले, कोमट अजिबात नको, त्यांच्या मेव्हण्याने तसं केलं होतं आणि पुढे त्या मेव्हण्याचं काही चांगलं झालं नाही. औषधाच्या दुकानदाराने स्पिरिट सुचवलं. सेक्रेटरी म्हणाले, काहीही करा पण जिन्यात करू नका. जिन्यात करायचं माझ्या मनातही नव्हतं, तरी त्यांनी तशी नोटीस फलकावर लावली, फ्लॅट नंबरासकट. आणि ती कुठे छापली असेल ते मी सांगायला नको, कोपऱ्यात पिन होती.

मी कोमट पाणी आणि स्पिरिट दोन्ही केलं. काळी कांडी बेसिनमध्ये धरली तर तिने इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं एकदम ओकून टाकलं. बेसिन काळं, नळ काळा, टॉवेल काळा. माझे हात मनगटापर्यंत. शुक्रवारी ऑफिसात मी हात टेबलाखाली ठेवून काम केलं आणि एका दावेदाराला वाटलं की मी काहीतरी मागतोय. त्याला समजावताना हात वर काढावे लागले, तेव्हा तो जास्तच घाबरला.

तरी शुक्रवारी संध्याकाळी माझा धीर सुटला नव्हता. उलट मला वाटलं, आता कोणत्याही क्षणी पान येईल, आणि येईल ते हिच्या हातात देण्यासारखं हवं. म्हणून पुस्तकाचं पान बाजूला ठेवून मी मोठ्या अक्षरांत स्वतःचं एक वाक्य टाइप केलं: ‘हे पान समोरच्यांच्या मदतीशिवाय छापलेले आहे.’ आणि पाठवलं. कागदाचा आकार बदलून पाठवलं, रंग बदलून पाठवलं, आडवं पाठवलं. सतरा वेळा. सतराही वेळा छपाई पूर्ण.

शनिवारी सकाळी अकराला बेल वाजली. दारात व्यवस्थित, हातात प्लॅस्टिकचं फोल्डर. ही पुढे झाली. तो तिला म्हणाला, “वहिनी, हे तुमचंच असावं. परवापासून येतायत. मला वाटलं मुखपृष्ठाचे नमुने पाठवताय, म्हणून जपून ठेवले.”

फोल्डरमध्ये दोन गठ्ठे होते. एक तेवीस पानांचा, एक सतरा पानांचा. वेगवेगळे लावून, कोपऱ्यात पिना मारून. लांबलचक नाव कुणाचं होतं ते मला उभ्या उभ्या कळलं. त्याच्या वायफायवर गेल्यापासून माझ्या लॅपटॉपला त्याचा प्रिंटर दिसत होता, आणि मी भिंतीपलीकडे एकामागून एक पानं सोडत होतो. तो भला माणूस मला एवढंच म्हणाला, साहेब, आडवं छापलेलं जास्त चांगलं दिसतंय, आणि गेला. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

हिने दुसऱ्या गठ्ठ्यावरचं वाक्य वाचलं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. मशीनपाशी जाऊन बसली आणि गठ्ठा मांडीवर ठेवला.

“पुस्तक वाचलंत तुम्ही?” तिने विचारलं.

मी म्हणालो, छापतोय ना.

“छापताय ते माहितीये. वाचलंत का?”

पहिलं पान मी तेवीस वेळा पाठवलं होतं. दुसऱ्या पानावर काय आहे ते मला माहीत नव्हतं.

“त्यांनी वाचलं,” ती म्हणाली. “मी तपासायला आठ-दहा पानं छापून घ्यायचे तेव्हा, चौसष्टच्या चौसष्ट. म्हणून तर हसत होतो आम्ही.”

कशाला हसत होतात, असं मी विचारलं. वाचा म्हणजे कळेल, एवढं बोलून ती पिशवी घेऊन बटणं आणायला बाहेर पडली. जाताना सांगून गेली की संध्याकाळी फाइल समोर जाईल. इतक्या वर्षांत पुष्कळ भांडलो असू, पण ती अशी शांतपणे बाहेर गेल्याचं मला आठवत नाही.

मी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. सुट्टीच्या दिवशी फोन केला म्हणून तो आधी गप्प राहिला, मग सगळं ऐकून जास्तच गप्प राहिला. मग म्हणाला, चौदाशे दहा हा नुसता नव्या खोक्यातला चौदाशे आहे, थोरल्याचा ड्रायव्हर लावा. चौदाशे पंधरा हे वेगळंच यंत्र आहे. आकडा जवळचा म्हणून निवडायला तुम्हाला सांगितलं कुणी? कुणीच सांगितलं नव्हतं, ती माझीच अक्कल होती. मी लांबलचक नाव यादीतून काढलं, वायफाय बंद केलं आणि चौदाशे लावला.

प्रिंटर घरघरला आणि पान यायला लागलं. काळ्या कांडीचा तर मी खूनच केला होता, त्यामुळे अक्षरं निळी. आणि वेग एका पानाला चार मिनिटं. चाकं झिजलेली, दोन कागद एकदम ओढायचा, म्हणून शेजारी उभं राहून एकेक कागद भरवावा लागत होता. चार मिनिटं उभ्या माणसाने काय करायचं? मी वाचायला लागलो.

आणि मला पत्ताच नव्हता की ही असं लिहिते. अठरा वर्षं मी भिंतीपलीकडून तिला शिकवताना ऐकलं होतं, म्हणजे आवाज ऐकला होता. इथे मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, कसा कापायचा ते सांगता सांगता ती अशी एखादी चिमटी घ्यायची की मी एकटाच खोलीत हसत होतो. काज करताना घाई करणाऱ्या मुली, फ्रॉकचा घेर कमी पडल्यावर कापडाला दोष देणाऱ्या मुली, सगळ्या त्यात होत्या. मी पुढचं पान लवकर यावं म्हणून प्रिंटरला चुचकारत होतो. दुपार टळली तेव्हा एकेचाळिसावं पान आलं. ‘पुरुषाचा शर्ट: माप घेताना’.

‘नमुना म्हणून घरातलाच एक पुरुष घेऊ. याला माप देताना श्वास रोखून धरायची सवय आहे, म्हणून आधी ऑफिसबद्दल काहीतरी विचारावं आणि तो बोलायला लागला की टेप ओढावी. कंबर चौतीस सांगतो. छत्तीस धरावी, वहीत मात्र चौतीसच लिहावं. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे. हे त्याला माहीत नाही. सांगू नये, मनाला लावून घेतो. डाव्या खांद्यात आतून पातळ पॅड घालावं, म्हणजे शर्ट सरळ बसतो आणि माणूस ताठ दिसतो. एकवीस वर्षांत एकदाही कळलेलं नाही.’

मी कपाट उघडलं. ऑफिसचा निळा शर्ट काढून डाव्या खांद्यावर चिमटीने दाबून बघितलं. आत काहीतरी मऊ होतं. उजव्यात नव्हतं. चौकटीचा काढला, पट्ट्यांचा काढला, पांढरा काढला. सगळ्यांत होतं. अगदी खालचा, लग्नानंतर पहिल्या वर्षी शिवलेला, आता अंगात न मावणारा, त्यातसुद्धा होतं. मी पलंगावर बसलो. तो शर्ट मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा दाबून बघितला. आणि तो खाली ठेवायच्या आतच दुसरं मनात आलं, की हे समोरच्याला माझ्याआधी माहीत होतं.

ही परत आली तेव्हा पलंगभर शर्ट पसरलेले होते. तिने शर्टांकडे बघितलं, माझ्या निळ्या-काळ्या बोटांकडे बघितलं.

“कुठवर आलात?”

“एकेचाळीस.”

बटणांची पुडी टेबलावर ठेवून तिने माझ्या हातातला शर्ट घेतला आणि घडी घालायला लागली. मी म्हणालो, छान लिहिलंयस, खरंच. ती मान खाली घालून घडीच घालत होती, पण कान लाल झालेले मला दिसले. मग मी हिशोब सांगितला की एका प्रतीला चार तासांच्या वर लागतात, म्हणजे बारा प्रतींना दोन दिवस आणि वर काही तास, आणि आपल्या हातात आजची संध्याकाळ आहे. ही निळी प्रत मी माझ्यासाठी पुरी करतो. त्या बाराही काळ्या अक्षरांत हव्यात.

“आणा इकडे,” ती म्हणाली, “मी देऊन येते.”

“तू बस. मी जातो.”

पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि जिना ओलांडला. अंगात घरातला विकतचा टी-शर्ट होता, हिने न शिवलेला, शाईने बरबटलेला. हे बेल दाबल्यावर लक्षात आलं आणि तोवर दार उघडलं होतं. या साहेब, असं तो हसून म्हणाला. बारा प्रती हव्या होत्या, असं मी म्हणालो. तुमचीच मदत लागेल, असंही म्हणालो, तेवढे शब्द जरा पुटपुटत. त्याने पेनड्राइव्ह घेतला. त्याची नजर माझ्या तोंडावरून एक क्षण, अगदी सभ्यपणे, माझ्या डाव्या खांद्यावर गेली आणि परत आली.

मी उजवा खांदा अर्धा इंच खाली घेतला आणि आत गेलो.